उष्णता आणि संवेग यांचा ध्रुवाकडील प्रवास

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३५ अंशांपर्यंतचा प्रदेश वर्षभरात सूर्यापासून जेवढी उष्णता घेतो, तेवढी अवकाशात परत पाठवीत नाही. त्यापलीकडे ध्रुवांपर्यंतच्या प्रदेशाचा खर्च मात्र मिळकतीपेक्षा अधिक असतो. असे असूनही उष्ण कटिबंध भट्टीसारखा तापत नाही आणि ध्रुवप्रदेश अमर्याद गारठत नाहीत; कारण शिल्लक उष्णता सतत ध्रुवांकडे वाहून नेली जाते. मध्यम अक्षांशांवर प्रत्येक गोलार्धात ही वाहतूक ५ ते ६ अब्ज मेगावॉट इतकी असते. तिचा काही भाग सागरी प्रवाह उचलतात. मोठा भाग वाऱ्यांच्या वाट्याला येतो. वारे हे काम कसे करतात, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

लंडनचे एक वकील जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये एक उत्तर सुचविले. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, उंचावरून ध्रुवाकडे जाते, थंड होऊन खाली उतरते आणि भूपृष्ठालगत परत फिरते. परतताना ती पृथ्वीच्या फिरण्यामुळे पश्चिमेकडे मागे पडते. हेच व्यापारी वारे. उष्ण कटिबंधापुरते हे चित्र आजही ग्राह्य आहे. ते ध्रुवापर्यंत ताणले की मात्र अडचण उभी राहते.

विषुववृत्तावरील हवा पृथ्वीबरोबर पूर्वेकडे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरत असते. ती ध्रुवाकडे सरकली की पृथ्वीच्या अक्षाजवळ येते आणि गिरकी घेताना हात आखडणाऱ्या नर्तकाप्रमाणे तिचा वेग वाढतो. वाटेत कोणताही विरोध झाला नाही, तर ३० अंशांवर तिचा ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाचा पश्चिमी वारा झाला पाहिजे. प्रत्यक्षात तेथील जेटप्रवाहाचा सरासरी वेग याहून पुष्कळच कमी असतो. मग उरलेला कोनीय संवेग जातो कोठे?

भूपृष्ठावरही हाच प्रश्न निराळ्या रूपात दिसतो. पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे घर्षणामुळे पृथ्वीकडून संवेग घेतात. मध्यम अक्षांशांतील पश्चिमी वारे तो पृथ्वीला परत देतात. मधली वाहतूक थांबली, तर हे दोन्ही वारे थोड्याच दिवसांत मंदावतील. म्हणजे उष्णतेप्रमाणे संवेगही ध्रुवाकडे गेला पाहिजे.

शिकागो विद्यापीठात डेव्ह फुल्ट्झ यांनी १९५० च्या दशकात पाण्याने भरलेली एक परात फिरत्या पीठावर ठेवली. परातीची कड तापविली आणि मध्यभाग थंड केला. परात सावकाश फिरत असता पाण्यात हॅडली यांच्या कल्पनेतील अभिसरण दिसले. वेग वाढविताच त्या प्रवाहाला वळणे पडली, लाटा आणि भोवरे उठले. मध्यम अक्षांशांतील वातावरणही असेच वागते. तेथे उष्ण हवा लाटेच्या एका बाजूने उत्तरेकडे जाते, थंड हवा दुसऱ्या बाजूने दक्षिणेकडे येते. या लाटा किंचित तिरप्या असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या हवेचा पूर्वाभिमुख वेग अधिक असतो, तर दक्षिणेकडे येणारीचा कमी. दोन गावांमध्ये गाड्या जाताना भरलेल्या आणि येताना रिकाम्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे. गाड्या जितक्या गेल्या तितक्याच परत येतात. माल मात्र एकाच दिशेने जातो.

ही वाहतूक भोवऱ्यांकडूनच होत असली पाहिजे, असे हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये प्रतिपादन केले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर फुग्यांच्या साहाय्याने उंचावरील वाऱ्यांची मोजमापे मिळू लागली आणि व्हिक्टर स्टार यांच्या सहकाऱ्यांनी त्यांवरून त्याचा पडताळा घेतला. १९५६ मध्ये नॉर्मन फिलिप्स यांनी गणकयंत्रावर केवळ गणिताच्या आधारे असे भोवरे उत्पन्न करून दाखविले.

भारताला हे भोवरे अपरिचित नाहीत. हिवाळ्यात पश्चिमी जेटप्रवाह हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर भारतावरून वाहतो. त्यावरील लाटांबरोबर भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ येतात. त्यांच्या पुढील भागात दक्षिणेकडील उबदार, दमट हवा उत्तरेकडे खेचली जाते आणि काश्मीर-हिमाचलात बर्फ, पंजाब-हरियाणात पाऊस पडतो. विक्षोभ पुढे सरकला की मागून उतरणारी थंड हवा मध्य भारतापर्यंत पोहोचते. गव्हाच्या शेतकऱ्याला पावसाची सर आणि थंडीची लाट या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. पृथ्वीच्या जमाखर्चात त्या एकाच देवघेवीच्या दोन बाजू आहेत.