‘जंगल’ शब्दाची उलटी वाट
(उत्सवात दिलेल्या भाषणाचा सारांश)



गेल्या पावसाळ्यात माझ्या नातीला हिरवाईचे इंग्रजी शब्द लिहून न्यायचे होते. तिने पहिलाच शब्द लिहिला, ‘जंगल’. मी म्हटले, "अगं, हा तर आपला शब्द!" ती म्हणाली, "नाही आजोबा, डिक्शनरीत आहे." आम्ही दोघेही बरोबर होतो.

‘ग्रीन’ हा इंग्रजीचा घरचाच शब्द. ‘ग्रो’ म्हणजे वाढणे आणि ‘ग्रास’ म्हणजे गवत, ही त्याची भावंडे. ‘व्हर्डंट’चे मूळ लॅटिनमध्ये. ‘जंगल’ मात्र आपल्याकडून गेला. त्याचे मूळ संस्कृत ‘जांगल’, आणि गंमत अशी की जांगल म्हणजे दाट अरण्य नव्हेच! चरकसंहितेत भूमीचे तीन प्रकार आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. नारळी-केळीची, पाणथळ ती आनूप. जांगल म्हणजे कोरडी, मोकळी भूमी. तिथली झाडे कोणती? खैर, धावडा, सालई, बोर, तेंदू, आवळा. म्हणजे आपल्या जबलपूरच्या आसपासचीच की!

1776 साली हॅलहेडच्या हिंदू कायद्यावरील इंग्रजी ग्रंथात पाच वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीला ‘जंगल’ म्हटले आहे. पुढे इंग्रजीत पडीक जमिनीवर माजलेली झाडी आणि मग घनदाट अरण्य, असा अर्थ सरकत गेला. 1894 मध्ये किपलिंगचे ‘द जंगल बुक’ निघाले आणि आपल्या शेजारच्या सिवनीचे रान जगभर पोहोचले.

हे का सांगतो? एकदा जमिनीला ‘पडीक’ म्हटले, की तिथली झाडे तोडताना कोणाला वाईट वाटत नाही. चरकाने मात्र त्या भूमीतली माणसे काटक म्हटली आहेत. मदनमहालच्या खडकांतली झुडपे पाहताना हे आठवावे.

नातीला शब्दाचे मूळ कळले. मग तिने विचारले, "आजोबा, धावडा कसा असतो?" मला दाखवता आला नाही. साठ वर्षे या गावात राहून! आपल्यापैकी ज्यांना ही झाडे ओळखता येतात, त्यांनी एखाद्या रविवारी मुलांना टेकडीवर न्यावे. मीही मुलांच्या रांगेत उभा राहीन.