हजाऱ्यांचा सर्वश्रेष्ठ डाव कोणता?



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभतात. तेथे क्रिकेटच्या डावांचा हिशेब मांडायला उभे राहणे कोणाला पोरकटपणाचे वाटेल. परंतु हा मुलूख बैलगाड्यांच्या शर्यतींचा आहे, म्हणून मला धीर येतो. आपल्याकडे घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे घोडी, मागे बैल, आणि खरी झुंज घड्याळाशी. सेकंद पुकारले की निकाल लागला. तरीही यात्रेहून परतणारी माणसे वाद घालतातच. घाट ओला होता, जोडीतला एक बैल नवखा होता, मग कोणाची धाव मोठी? न्यायालयाच्या बंदीने 2014 पासून या शर्यती थांबल्या आणि 2021 च्या डिसेंबरात पुन्हा मोकळ्या झाल्या. पण मधल्या वर्षांत पारावरचा वाद बंद पडला असेल असे मला वाटत नाही. घड्याळ जिंकणारा ठरवते. श्रेष्ठ कोण हे माणसांनाच ठरवावे लागते.

आज तोच प्रश्न मी विजय हजारे यांच्याविषयी विचारणार आहे. हजारे 1915 साली सांगलीस जन्मले आणि 2004 साली बडोद्यास निवर्तले. 30 कसोटी सामने, 2192 धावा, 7 शतके. माणूस मितभाषी. ज्यांनी त्यांना खेळताना पाहिले असे लोक आता फार थोडे उरले. म्हणून आपल्याला धावफलकावरूनच न्याय करायचा आहे, आणि धावफलक हा साक्षीदार खरा बोलतो, पण अपुरे बोलतो.

पहिला पक्ष मोठ्या आकड्यांचा. 1939-40 च्या मोसमात पुण्यात, महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध, हजाऱ्यांनी नाबाद 316 धावा काढल्या. पुढे ते स्वतःच बडोद्याचे झाले, आणि मार्च 1947 मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी 288 धावा केल्या. गुल महंमद 319. दोघांची भागी 577 धावांची! तिच्याहून मोठी भागी जगात व्हायला 2006 साल उजाडावे लागले. बडोद्याने तो सामना एक डाव आणि 409 धावांनी जिंकला. विक्रम आहे, विजय आहे, करंडक आहे. मग आणखी काय हवे? एवढेच, की होळकर संघाचे दोन्ही डाव मिळून 375 धावा झाल्या. 288 पैकी दोनशे धावा काढून टाकल्या तरी बडोदे आरामात जिंकलेच असते. भरल्या विहिरीत ओतलेले पाणी ते.

दुसरा पक्ष एकट्याने दिलेल्या झुंजीचा. डिसेंबर 1943, मुंबईचे ब्रेबॉर्न मैदान, पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत. त्या स्पर्धेत संघ धर्मावरून पाडलेले असत. गांधीजींनी तिला विरोध केला होता, आणि 1946 नंतर ती बंद झाली, हे योग्यच झाले. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘इतरेजन’ संघात. आधीच्या सामन्यात त्यांनी 248 धावांचा उच्चांक केला होता. अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंटांनी नाबाद 250 करून तो मोडला. हिंदूंच्या 5 बाद 581 पुढे इतरेजन 133 धावांत गारद झाले. त्यांत हजाऱ्यांच्या 59. फॉलोऑन मिळाल्यावर सबंध संघाच्या धावा झाल्या 387, आणि त्यांत एकट्या हजाऱ्यांच्या 309! धाकटे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी 300 धावांची भागी केली. तीत विवेक यांचा वाटा होता 21 धावांचा. थोरला लढतो आहे आणि धाकटा नुसता पाय रोवून उभा आहे. क्रिकेटच्या इतिहासात असे भाऊ क्वचितच सापडतील.

तिसरा पक्ष अगदी लहान आकड्याचा. जून 1952, इंग्लंडातील लीड्सचे मैदान, कर्णधार हजारे. पहिल्या डावात 41 धावांनी मागे पडलेला भारत दुसऱ्या डावात उतरला आणि पहिले चार गडी एकही धाव न होता बाद झाले. फलकावर शून्याला चार! ट्रूमन हा तरुण गोलंदाज पहिलाच कसोटी सामना खेळत होता. अशा वेळी हजाऱ्यांनी 56 धावा केल्या. दत्तू फडकर यांच्यासह 105 धावांची भागी झाली, आणि फडकरांच्या 64 कर्णधारापेक्षा अधिक होत्या. सामना हरलाच, पण शून्याला चार वरून 165.

चौथा पक्ष ॲडलेडचा. जानेवारी 1948. ऑस्ट्रेलियाच्या 674 धावा. त्यांत ब्रॅडमन यांचे द्विशतक. पहिल्या डावात हजारे 116, फडकर 123, तरी फॉलोऑन टळला नाही. दुसऱ्या डावात मंकड आणि अमरनाथ दोघेही शून्यावर गेले, संघाच्याही धावा शून्य. लिंडवॉल आणि मिलर या जोडीपुढे हजाऱ्यांनी त्या डावात 145 धावा उभ्या केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. त्याच डावात लिंडवॉलने 38 धावांत 7 गडी टिपले. भारताचे सहा फलंदाज शून्यावर बाद झाले. हेमू अधिकारी यांच्या 51 एवढाच काय तो दुसरा मोठा आधार. एकूण 277, आणि एक डाव 16 धावांनी पराभव.

आता कोणी म्हणेल, “तुम्हां मराठी माणसांना पराभवाचे पोवाडे गाण्याची खोडच आहे. पानिपतापासून तुमचे हेच चालले आहे!” या आक्षेपात तथ्य आहे. हरणे हा गुण नव्हे, आणि हरताना केलेली प्रत्येक गोष्ट थोर नव्हे. म्हणून मी कसोट्या तीन लावतो. समोरचा प्रतिस्पर्धी केवढा होता? हात टेकण्याला सबळ कारण होते काय? आणि त्या कृतीतून पुढच्या माणसाला काय मिळाले?

पहिल्या कसोटीवर 288 उणे पडतात. 309 दुसऱ्या कसोटीला पुरेपूर उतरतात, पण तो देशातल्या देशातला, ओळखीच्या गोलंदाजांशी सामना होता. लीड्सच्या 56 धावा तिन्ही कसोट्यांना उतरतात. फक्त त्या झुंजीचे निम्मे श्रेय फडकरांचे, आणि मला वाटते हजारे स्वतःच ते आधी देतील. उरते ॲडलेड. परका देश, त्या काळचा सर्वांत बलाढ्य संघ, एक शतक व्यर्थ गेलेले, आणि तरीही तो माणूस पुन्हा पहिल्या धावेपासून सुरुवात करतो. एकदा शतक करणे पराक्रम आहे. ते वाया गेल्याचे दिसत असताना लगेच दुसरे करायला बसणे ही निष्ठा आहे.

आणि तिसरी कसोटी? 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव 8 धावांनी हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार हजारेच होते. त्या सामन्यात त्यांच्या स्वतःच्या धावा 20. शतके पंकज रॉय आणि पॉली उमरीगर यांची, 12 बळी मंकडांचे. ॲडलेडला जो एकटा उभा होता, त्याला मद्रासला एकटे उभे राहावे लागले नाही. हरलेल्या डावाचे पीक दुसऱ्याच्या खळ्यावर निघते ते असे.

म्हणून माझे मत ॲडलेडच्या 145 ला. आपले मत निराळे असू शकेल, असावेही. परंतु घरी जाताना वाद घालाल तेव्हा एवढे लक्षात असू द्या. दुबार पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याची परीक्षा आपण केवळ मळणीच्या दिवशी घेत नाही; नापास होऊन पुन्हा फॉर्म भरणाऱ्या मुलाची परीक्षा केवळ गुणपत्रिकेवर घेऊ नये. निकाल महत्त्वाचा खराच, पण तो एका दिवसाचा असतो. पुन्हा शून्यापासून आरंभ करण्याची तयारी आयुष्यभर पुरते.