तेरा मिनिटांचा अंधार आणि संगणकाची प्रतीक्षा

(रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील पोशीर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



विजेविषयी बोलावयाचे तर कर्जत-खालापूरइतका योग्य प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी खाली आणून त्यावर वीज निर्माण करणारे टाटांचे केंद्र १९१५ साली खोपोली येथे सुरू झाले. त्यानंतर १९२२ साली भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती. भिवपुरीच्या जनित्रांतून बाहेर पडणारे पाणी पुढे राजनाल्यावाटे कर्जत तालुक्यातील शेतांना मिळते. त्यामुळे केंद्रातील यंत्र थांबले की त्याची वार्ता उन्हाळी भात लावणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचते. एका ठिकाणचा खंड दुसऱ्या ठिकाणी कसा जाणवतो, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

आज मला याच प्रकारच्या, परंतु फार लांबच्या एका साखळीविषयी बोलावयाचे आहे. परदेशातील चिपच्या कारखान्यात काही क्षण वीज जाते आणि त्यानंतर काही महिन्यांनी येथील शाळेस किंवा ग्रामपंचायतीस संगणक वेळेवर मिळत नाही. असे का व्हावे?

गिरणी आणि चिपचा कारखाना

गिरणीत वीज गेली तर माग थांबतात. काही धागे तुटतात. वीज आली की धागे सांधून माग पुन्हा चालू करता येतात. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पण वीज परत येताच त्याच दिवशी त्या पुन्हा धावू लागल्या. नुकसान झाले, ते मुख्यतः गेलेल्या तासांचे होते.

चिपच्या कारखान्याचा हिशेब वेगळा आहे. तेथे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने अतिसूक्ष्म आकृत्या उमटवितात, थरावर थर चढवितात, नको तो भाग कोरून काढतात. मोठ्या कारखान्यातील चकतीचा व्यास ३०० मिलिमीटर असतो आणि तिच्यावर शेकडो चिप्स तयार होतात. या कामाच्या पायऱ्या कित्येक शंभर असून एक चकती पूर्ण होण्यास साधारणपणे दोन ते तीन महिने लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी हजारो चकत्या अर्धवट अवस्थेत यंत्रांत असतात.

अशा वेळी वीज गेली की भट्टीचे तापमान ढळते, निर्वात केलेल्या कक्षांत हवा शिरते, हवा गाळून स्वच्छ ठेवणारे पंखे थांबतात आणि डोळ्यांस न दिसणारी धूळ चकतीवर बसते. बिघडलेली चकती सांधता येत नाही. वीज आल्यावरही प्रत्येक यंत्र तपासून, जुळवून, मगच कामास लावावे लागते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या परिसरात राहणाऱ्यांना मी एवढेच सांगेन : भात निसवताना पाण्याने दगा दिला तर नंतरच्या पावसाने लोंबी भरत नाही. पाणी किती दिवस नव्हते यापेक्षा ते कोणत्या वेळी नव्हते, हे महत्त्वाचे.

घडलेल्या काही घटना

जपानमधील योक्काइची येथे साठवणुकीच्या चिप्स तयार करणारे मोठे कारखाने आहेत. ८ डिसेंबर २०१० रोजी तेथे विजेचा दाब अवघा ०.०७ सेकंद खाली गेला. डोळ्याची पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. तरीही पुढील जानेवारी व फेब्रुवारीतील पुरवठा २० टक्क्यांपर्यंत घटू शकेल, असे तोशिबा कंपनीस जाहीर करावे लागले.

त्याच ठिकाणी १५ जून २०१९ रोजी १३ मिनिटे वीज गेली. कारखान्यातील भागीदार वेस्टर्न डिजिटल कंपनीने आपल्या वाट्याचा सुमारे ६ एक्झाबाइट माल घटेल, असा अंदाज दिला. ६ एक्झाबाइट म्हणजे ६० लाख टेराबाइट. प्रत्येक संगणकास अर्धा टेराबाइट साठवण लागते असे हिशेबापुरते धरले, तर १ कोटी २० लाख संगणकांना पुरेल एवढा हा माल होतो.

तैवानमध्ये २१ सप्टेंबर १९९९ रोजी मोठा भूकंप झाला. चिप उद्योगाचे केंद्र असलेले सिंचू हे शहर भूकंपाच्या केंद्रापासून दूर होते. तेथील इमारती बहुतांशी शाबूत राहिल्या. परंतु वीज गेली आणि काम काही दिवस बंद पडले. जगभर संगणकाच्या स्मृतिचिप्सचे भाव कडाडले. ॲपल कंपनीस आपले काही संगणक ग्राहकांना वेळेवर देता आले नाहीत. डेल कंपनीने मात्र जो भाग उपलब्ध आहे त्यावर आधारित नमुन्यांकडे ग्राहकांना वळविले आणि तिची अडचण कमी झाली. संकट दोघांवर सारखेच आले. एकीपाशी पर्यायी वाट तयार होती.

जनरेटर का पुरत नाही?

कारखान्यात जनरेटर नसतो काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. असतो; नाजूक यंत्रांसाठी बॅटरीची सोयही असते. परंतु मोठ्या चिप कारखान्याची विजेची गरज १०० मेगावॉटच्या आसपास जाऊ शकते. आपल्या खोपोली केंद्राची क्षमता ७२ मेगावॉट आहे. एवढा सगळा भार क्षणार्धात दुसरीकडे वळविणे किती अवघड, हे यावरून ध्यानात येईल. गुजरातमधील धोलेरा येथे चिप कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. अशा उद्योगास जमीन व पाणी यांइतकीच अखंड, स्थिर दाबाची वीज आवश्यक असते.

आपल्या दाराशी

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात कडाक्याच्या थंडीने वीजटंचाई झाली आणि ऑस्टिन येथील सॅमसंगचा कारखाना बंद ठेवावा लागला. काम पूर्ववत होण्यास महिन्याहून अधिक काळ गेला. त्याच वर्षी माझ्या परिचयाच्या एका शाळेने दोन संगणक मागविले होते. शाळा बंद, मुले घरी आणि गुरुजींपाशी एक मोबाईल, अशी स्थिती होती. जूनमध्ये यावयाचे संगणक दिवाळीनंतर आले. या विलंबाचे खापर एका कारखान्यावर फोडणे योग्य नव्हे. मागणी जगभर वाढली होती, वाहतूकही अडली होती. परंतु मुलांचे गेलेले महिने परत आले नाहीत. अर्धवट चकतीप्रमाणे अर्धवट राहिलेली इयत्ताही सहजासहजी सांधता येत नाही.

जगाच्या बाजारावर आपला ताबा नाही. आपल्या तयारीवर मात्र आहे. पहिली गोष्ट, संगणकाची मागणी गरजेच्या तोंडावर न नोंदविता काही महिने आधी नोंदवावी आणि पुरवठ्याची मुदत करारात स्पष्ट लिहावी. दुसरी, मागणीपत्रात एकाच नमुन्याचा आग्रह न धरता कामास आवश्यक तेवढी क्षमता नमूद करावी, म्हणजे पर्याय खुला राहतो. तिसरी, असलेले यंत्र जपावे. अर्थिंग तपासावे, यूपीएसची बॅटरी वेळेवर बदलावी, दाखले व नोंदी यांची दुसरी प्रत ठेवावी. चौथी, पावसाळ्यापूर्वी वीजवाहिन्यांवर आलेल्या फांद्या छाटण्याच्या कामी पंचायतीने वायरमनला हातभार लावावा.

शंभर वर्षांपूर्वी या डोंगरांच्या पायथ्याशी निर्माण झालेली वीज गिरण्यांना मिळाली. गावांच्या घरांत दिवा लागण्यास त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. आता दिवा आहे. तो किती वेळ गेला एवढेच पंचायतीने पाहू नये; तो गेला तेव्हा कोणाचे काय अर्धवट राहिले, याचीही नोंद ठेवावी. दाखल्यासाठी ताटकळलेली आजीबाई असो की पडद्यासमोर बसलेला विद्यार्थी असो, त्यांचे काम पुरे होईपर्यंत आपलेही काम पुरे झालेले नाही.