समुद्रप्रवासास निघण्यापूर्वी

(मंडळाच्या श्रीक्षेत्र ओझर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात मी चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाने आज्ञा केली आणि विषयाची निवड मजवरच सोपविली. येत्या जून महिन्यात मी व माझी पत्नी इंग्लंडातील साउदॅम्प्टन बंदरातून आगबोटीने न्यूयॉर्कला जाणार आहोत. वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी घडणारा हा माझा पहिलाच समुद्रप्रवास. सध्या मनात दुसरा विषय नाही. तेव्हा तोच आपणापुढे मांडतो. प्रवासाहून परतलेला मनुष्य प्रवासवर्णन करतो, हे रीतीस धरून आहे. मी मात्र निघण्यापूर्वीच बोलत आहे. त्याचे कारण ओघाने येईल.

मी आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर मुंबईस बॅलार्ड पिअरवर गेलो होतो. आमचे एक नातलग शिक्षणासाठी विलायतेस निघाले होते. हार झाले, पेढे झाले, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला आठवते ती एवढीच गोष्ट, की बोट हलली तेव्हा प्रथम कोणाच्याच ध्यानात आले नाही. धक्का आणि बोट यांच्यामध्ये हातभर पाणी दिसू लागले. पाहता पाहता ते पुरुषभर झाले आणि मग हाका ऐकू येईनाशा झाल्या. त्या दिवसापासून एकदा तरी अशा बोटीत पाऊल ठेवावे ही इच्छा मनात राहिली. पुढे विमाने आली, संसार आला, आणि ती इच्छा घरात थट्टेचा विषय होऊन बसली.

आम्ही ज्या बोटीने जाणार तिचे नाव ‘क्वीन मेरी २’. सन २००४ च्या जानेवारीत ती पहिल्या प्रवासास निघाली. तिची लांबी ३४५ मीटर, म्हणजे अकराशे फुटांहून अधिक आहे. सहलीच्या बोटी आज पुष्कळ झाल्या आहेत. परंतु महासागर नेमाने ओलांडण्याकरिता बांधलेली आणि अद्याप ते काम करणारी मोठी प्रवासी बोट ही एकच उरली आहे. उत्तर अटलांटिकच्या लाटा कापीत ठरल्या दिवशी पैलतीर गाठावयाचा, म्हणून तिची नाळ लांब व निमुळती आणि बांधणी सहलीच्या बोटीहून भक्कम केलेली आहे. या प्रवासास सहसा सात रात्री लागतात. मौज अशी, की उन्हाळ्यात साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत पाच तासांचे अंतर असते. पश्चिमेस जाताना ते अंतर एकदम तोडीत नाहीत. पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात. म्हणजे प्रवाशांचे पाच दिवस पंचवीस तासांचे होतात! मुंबईहून विमानाने पंधरा-सोळा तासांत न्यूयॉर्क गाठता येत असता हा मनुष्य सात दिवस पाण्यावर का घालवितो, असे काही स्नेह्यांनी विचारले. या पाच अधिक तासांची मला गरज आहे, एवढेच उत्तर तूर्त देतो.

ओझरसारख्या घाटमाथ्याच्या गावी समुद्राच्या गोष्टी कशाला, असेही कोणी म्हणेल. पण समुद्र आपल्याला परका कधीच नव्हता. समोरची कुकडी घोडेस मिळते, घोड भीमेस, भीमा कृष्णेस, आणि येथले पाणी अखेर पूर्वसमुद्रास जाते. पश्चिमेकडचा आपला नाणेघाट सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांची वाट होता. त्या वाटेने माल गेला, तशी माणसेही आली. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप दिला. सागरापलीकडच्या त्या लोकांची नावे आपल्या डोंगराने दोन हजार वर्षे सांभाळली. विघ्नहराच्या या मंदिराचे शिखर तर चिमाजी अप्पांनी सन १७३९ च्या वसईविजयानंतर सोन्याने मढविले, अशी परंपरा सांगते. आणि वसई हा समुद्रकाठचा किल्ला!

असे असूनही मध्यंतरी आपल्या समाजाने समुद्राकडे पाठ फिरविली. समुद्रपर्यटन हे कलिवर्ज्यांत गणले गेले. जो समुद्र ओलांडील त्याने प्रायश्चित्त घेतले तरी त्याच्याशी व्यवहार ठेवू नये, येथपर्यंत मजल गेली. जातीबाहेर टाकणे ही शिक्षा आजच्या तरुणांस केवळ शब्द वाटेल. परंतु पंक्तीला पान नाही, मुलीला स्थळ नाही, मर्तिकाला खांदा नाही, असा तिचा अर्थ होता.

नाणेघाटाची वाट जेथे उतरते, त्या कल्याणच्या, सन १८६५ मध्ये जन्मलेल्या एका मुलीने ही शिक्षा डोळ्यांपुढे ठेवून प्रवासाची तयारी केली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सारे जाणतो. त्यांच्या पदवीचे आपण कौतुक करतो. मला अलीकडे त्यांच्या निघण्यापूर्वीच्या दिवसांचे अधिक वाटू लागले आहे. गोपाळराव टपालखात्यात बंगालमध्ये नोकरीस होते. तेथे श्रीरामपूरच्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी या अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीने सभेपुढे इंग्रजीत भाषण केले. लोक तिला जे प्रश्न विचारीत, तेच तिने एकेक करून घेतले. अमेरिकेसच का? एकटीच का? आणि परत आल्यावर जात बाहेर टाकणार नाही काय? तिचे उत्तर सरळ होते. माझा आहार, वेष आणि आचार मी तेथेही बदलणार नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. मग मला बाहेर टाकण्याचे कारण काय? ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून तिची बोट निघाली, आणि ४ जून रोजी ती न्यूयॉर्कला उतरली.

सभ्यहो, विचार करा. पेटी भरावी, समुद्र लागला तर काय करावे ते विचारून घ्यावे, आणि नव्या देशाची स्वप्ने पाहावी, असे ते दिवस. त्या दिवसांत एका मुलीला स्वतःच्या माणसांपुढे उभे राहून जाब द्यावा लागला! सन १८८६ मध्ये तिला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास तिचा अंत झाला. अमेरिकेत जिने तिला लेकीसारखे वागविले त्या कार्पेंटरबाईंकडे तिची रक्षा पाठविण्यात आली, आणि पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. परक्यांनी आपल्या घरच्या माणसांत तिला जागा दिली.

आता मी निघण्यापूर्वीच का बोलतो, ते सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी आपल्या मंडळाची कुटुंबसूची छापली गेली. सूचीसमितीचा मी चिटणीस होतो. ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या मुलींची नावे गाळावी असे ठरले. त्या बैठकीत कोणीही मला भीड घातली नाही, कोणीही सक्ती केली नाही. माझ्या कुटुंबाच्या नोंदीतून माझ्या एकुलत्या मुलीचे नाव मी स्वतःच्या हाताने, तांबड्या शाईने खोडले. तिने ती सूची पाहिली. त्यावर ती मला एक अक्षर बोलली नाही. नंतर ती न्यू जर्सीस गेली. दिवाळीस, वाढदिवसास दूरध्वनीवर क्षेमकुशल होते. पण क्षेमकुशल विचारणे म्हणजे बोलणे नव्हे.

बोटीची तिकिटे माझ्या जावयाने काढली आहेत. बॅलार्ड पिअरची गोष्ट मुलीने त्याला सांगितली होती. घरात ज्या इच्छेची थट्टा झाली ती तिने मनात जपली, आणि ज्याचे नाव मी सूचीत येऊ दिले नाही त्याने ती पुरी केली. माझी पत्नी सध्या मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला बांधण्यात गढली आहे. माझी तयारी निराळी आहे. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मुलगी समोर येईल तेव्हा पहिले वाक्य कोणते उच्चारावे, त्याचा विचार मी करीत आहे. विमानाच्या सोळा तासांत मला ते सुचणार नाही, हे मी ओळखून आहे.

मंडळाची नवी सूची या वर्षी तयार होत आहे. माझी नम्र सूचना अशी, की गाळलेली सारी नावे तीत पुन्हा घ्यावी, त्यांच्या जोडीदारांच्या व मुलांच्या नावांसह; आणि त्यासाठी कोणाकडून अर्ज किंवा खुलासा मागू नये. चूक त्यांची नव्हती. मग अर्ज त्यांनी का करावा? अर्ज करावयाचाच तर तो मी करतो, आणि हे भाषण म्हणजेच तो अर्ज समजावा.

आपण ज्या देवाच्या दारी जमलो आहोत त्याची कथा सर्वश्रुत आहे. विघ्नासुर शरण आला आणि त्याने एकच मागणे मागितले: देवा, तुझ्या नावाआधी माझे नाव लागू दे. देवाने ते मान्य केले, आणि येथला गणपती विघ्नहर झाला. शरण आलेल्या वैऱ्याचे नाव देवाने स्वतःच्या नावात सामावून घेतले. आपल्याला तर आपल्याच लेकींची नावे आपल्या यादीत घ्यावयाची आहेत.

मी जूनमध्ये निघेन. जाताना नव्या सूचीचे ते एक पान जरी छापून मिळाले, तरी पेटीत सर्वांत वर तेच ठेवीन. मग पहिल्या वाक्याची चिंता मला उरणार नाही.