मुंबईला जायचं कसं?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘शाळेच्या आठवणी’. त्यावर बोलायला इथे सगळेच उत्सुक आहेत. मी तुमची पाच-सात मिनिटं एसटीच्या आणि रेल्वेच्या तिकिटासाठी मागणार आहे. हसू नका. आपल्यातला कोण पुढे गेला आणि कोण मागे राहिला, यात मार्कांइतकाच या तिकिटाचा हात आहे.

१९८४ ला दहावीचा निकाल लागल्यावर आईने काजूबी विकून आलेले पैसे पदराच्या गाठीतून काढून दिले आणि मी मुंबईच्या गाडीत बसलो. सीट नव्हतीच, महाडपर्यंत आमसुलांच्या पिशवीवर बसून गेलो. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या टपावर वळकट्या आणि ट्रंका होत्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप कधी मिटलाच नाही, आणि आपली माणसं तेव्हा बिऱ्हाड गुंडाळून परत येत होती. ती येत असताना मी चाललो होतो. लालबागला आमच्या गावकऱ्यांची खोली होती. पूर्वी तिथे माणसं पाळीप्रमाणे झोपायची, आता अर्धी भिंत रिकामी होती. त्या खोलीत फुकट पाठ टेकायला मिळाली, म्हणून आईने दिलेले पैसे पुरले. भाडं नेहमी तिकिटापाशी संपत नाही, हे मला तिथे कळलं.

१९९१ च्या जुलैत वडील गेल्याचा निरोप आला. रात्रीची एसटी पकडली. कशेडी घाटात दरड कोसळली होती. पहाटे तीनपासून दुपारपर्यंत गाडी एकाच जागी उभी. बोटी केव्हाच बंद झाल्या होत्या, रेल्वे आली नव्हती, दुसरी वाटच नव्हती. घरी पोचलो तेव्हा धाकट्या भावाने अग्नी दिलेला होता. आई एवढंच म्हणाली, “जेवलास का रे बाबू?”

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. गाडी खरोखर स्वस्त आहे. पण राजापूर रोड स्टेशन राजापूरपासून लांब आणि आपली शाळा तिथून आणखी आत. साध्या डब्याचं मुंबईपासूनचं तिकीट जेवढं, त्याहून जास्त पैसे स्टेशनवरून वाडीपर्यंतच्या रिक्षाला पडतात. रिक्षावाल्याचाही दोष नाही, त्याला परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून एकट्या माणसाला एसटीच परवडते, ती फाट्यावर उतरवते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. म्हणजे आज आपल्या वर्गातल्या मुली निम्म्या पैशात आल्या, आणि आम्हा मुलांना सवलतीसाठी पासष्टी गाठायची आहे! मुंबईत शिरताना पनवेलला उतरून हार्बरची लोकल धरली, तर पैसे वाचतात आणि कोंडीही टळते. दिवा-सावंतवाडी गाडी अख्खा दिवस खाते, आणि सकाळी दिव्याला पोचायचं म्हणजे आदल्या रात्री कुणाकडे तरी मुक्काम हवाच. पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघून निघावं.

आणि एसटी म्हटली की २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवते. सावित्रीवरचा जुना पूल पडला, त्यात वाहून गेलेल्या गाड्यांत आपली राजापूर-बोरिवली होती. त्या गाडीने मी किती वेळा गेलो असेन! त्याबद्दल जास्त बोलवत नाही.

मागल्या वर्षी आपल्याच शाळेतली एक मुलगी वडिलांबरोबर मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला आली होती. परतीचं तुतारीचं तिकीट तिने १२ तारखेचं काढलं. तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे १२ तारखेची गाडी धरायला ११ च्या रात्रीच फलाटावर हवं. ही दोघं १२ च्या रात्री गेली. गाडी चोवीस तासांपूर्वीच निघून गेली होती. रात्र फलाटावर काढली, सकाळी पुन्हा तिकीट काढून जनरलमधून उभ्याने घरी. पुढच्या महिन्यात दुसरं बोलावणं आलं, तेव्हा बाप म्हणाला, “नको, परवडत नाही.” मला हे फार उशिरा समजलं. मी डोंबिवलीला राहतो. एक फोन आला असता तर दोघं माझ्याकडे झोपली असती.

मेळाव्याच्या शिल्लक पैशांतून शाळेला स्वागतकमान बांधायची, असं समितीत चाललं आहे. माझा विरोध नोंदवून घ्या. कमानीवर आपली नावं येतील, हे खरं. पण ते पैसे मुख्याध्यापकांकडे ठेवावेत, आणि परीक्षेला, मुलाखतीला, प्रवेशाला मुंबईला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला त्यातून जाण्यायेण्याचं भाडं द्यावं. रिक्षासकट. सोबत येणाऱ्या आईचं किंवा बापाचंही. दुसरं, आपल्यातले जे मुंबईत, ठाण्यात, विरारला, कळव्याला आहेत, त्यांनी एक रात्र एक खाट देण्याची तयारी असेल तर नाव आणि फोन नंबर द्यावा. यादी ऑफिसात लागेल. पहिलं नाव मी सकाळीच लिहून दिलं आहे. बायकोला विचारून.

तुमचं मत वेगळं असेल तर समितीच्या बैठकीत भांडू, इथे नको.

आता शेवटचं. आज रात्रीच्या गाडीने ज्यांना परतायचं आहे, त्यांनी चहा झाल्यावर मला भेटा. स्टेशनपर्यंत एक टेम्पो ठरवला आहे, त्यात बाराजण बसतील आणि भाडं वाटून घेऊ. आतापर्यंत सात नावं आली आहेत.