सिकलसेल आणि मूत्रपिंड

मूत्रपिंड वाचवायला जनुकांची माहिती कशाला हवी? यवतमाळच्या कोलाम पोडांवर म्हणजे पाड्यांवर, गोंड वस्त्यांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार बघा. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, तेव्हा पुष्कळदा काहीच दुखत नसतं. दोष लहानपणीच कळला, तर वेळोवेळी लघवी तपासता येते, हायड्रॉक्सीयुरिया सुरू करता येतं. २०२३ साली सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. कोणी म्हणेल, आधी मूत्रपिंडांना घातक ठरणारं इथलं फ्लोराइडचं पाणी सुधारा. रास्तच आहे, जनुक कळल्यानं पाणी शुद्ध होत नाही; पण म्हणून तपासणी थांबवायची का? तपासणीत दोष निघाला तर मुलीचं लग्न मोडेल ही भीती मात्र मोठी आहे, म्हणून निकाल गुप्तच राहायला हवा. आणि जनुकाची एकच सदोष प्रत असलेला वाहक म्हणजे रोगी नव्हे.