पायरी कोरडी, पाय भक्कम

पाऊस लागला की आपल्या नागपूरकडे पायऱ्या हिरव्या होतात. सदरमधल्या जुन्या घराची काळ्या दगडाची पायरी असो, की काटोल-उमरेडकडच्या घरापुढची सिमेंटची. ओल राहिली की शेवाळ धरतंच. त्या पायरीवर सर्वांत जास्त पाय पडतात ते आपले. डोक्यावर गुंड, हातात बादली, मग पायाखाली दिसणार कसं? त्यात पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होत जातात. सासूबाईंचा खुबा मोडला, तर त्या अंथरुणाला खिळतात आणि सुनेची मजुरीही बुडते.

शेवाळ वाढतं ते ओल आणि सावलीत. म्हणून आधी पाणी येतं कुठून ते बघा. कवेलूच्या वळचणीचं पाणी पायरीवर पडत असेल, तर पन्हाळ लावा. मोरीचं पाणी वाटेवर येत असेल, तर शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे खड्डे करून सांडपाणी जिरवलं. रोजगार हमीतूनही हे काम होतं, ग्रामपंचायतीत विचारा.

धरलेलं शेवाळ आधी खराट्यानं खरडून काढा. मग ब्लिचिंग पावडरचं पाणी टाका, थोड्या वेळानं घासून धुवा. पण त्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो.

नवी पायरी बांधताना मिस्त्रीला सांगा, घोटून गुळगुळीत करू नका. ओल्या सिमेंटवर खराट्यानं आडव्या रेघा ओढा. पायरी साधारण 6 इंच उंच, 1 फूट रुंद ठेवा आणि सगळ्या सारख्या करा. वाटेला फुटामागे पाव इंच उतार द्या. जुना दगड गुळगुळीत झाला असेल, तर जात्याला लावतो तशी टाकी लावून घ्या. पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढा, धरायला पक्का बांबू किंवा लोखंडी पाइप लावा. पोतं मात्र टाकू नका, ते पायाखालून सरकतं.

एवढं करूनही कुणी पडलं, पाय आखूड दिसला किंवा पंजा बाहेर वळला, तर उचलून उभं करू नका. हलवू नका, 108 ला फोन करा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींच्या पायऱ्या बघून या. सुरुवात करा ती जिथे सर्वांत म्हातारी बाई राहते, त्या घरापासून.